चार वाजताची नोंद

मी, सुभद्रा शालिकराम गावंडे, वय ५६, धंदा नोकरी (आयसीयूची इन्चार्ज सिस्टर), राहणार अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. पेशंटला विचारतो तेच स्वतःला विचारून पाहिले: नाव, वार, गाव. तिन्ही बरोबर आली. उद्या, सोमवारी, अकोल्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. भीती वाटते. सत्तावीस वर्षे लोकांना ‘काही होत नाही’ म्हणत आले, म्हणून मला त्याचा धीर येत नाही.

१. भातकुली रोडवरच्या माझ्या दोन खोल्या भाची पौर्णिमा हिला. ती नर्सिंग शिकते आहे. अट एकच, सलग दोन ड्युट्या करायच्या नाहीत. वकील म्हणतात ही अट टिकणार नाही. तरी लिहिते.

२. भाऊ जानराव याला काही नाही. मी लोकांची घाण काढते, असे तो चारचौघांत म्हणायचा. अर्धांगाने पडला तेव्हा त्याची मीच काढली, तेव्हा बरा गप्प होता.

३. कपाटातल्या खाकी पाकिटातला कागद माझ्यामागे, पूर्वी माझ्या हाताखाली असलेल्या सिस्टर निखत हिला द्यावा.

कारण लिहिते. ऑगस्ट २००४, फवारणीचे दिवस, विषबाधेचे पेशंट एकामागून एक. माझी सलग दुसरी ड्युटी. आमच्याकडे पेशंट गेला की त्या सिस्टरने आधी बाहेर बसून चहा घ्यायचा, मगच पुढचा बेड, नाहीतर हात थरथरतात. नियम माझाच. दुपारी निखतचा तीन नंबरचा पेशंट गेला. चहा घेऊन ये, तुझा चार नंबर मी पाहते, असे मीच तिला सांगितले. मग चार नंबरच्या तक्त्यावर चार वाजताची नाडी अन् श्वास साडेतीनलाच माझ्या अक्षरात, माझ्या सहीने लिहून टाकले. कामाच्या रेट्यात आम्ही सगळ्याच तसे करायचो. मी दुसऱ्या बेडवर अडकले. तो मूर्तिजापूरकडचा मजूर चारला दहा कमी असताना गेला. तक्त्यावर मात्र चार वाजता त्याची नाडी ब्याऐंशी होती.

मी तक्त्याचा तो कागद काढून दुसरा लावला; काढलेला तोच या पाकिटात आहे. निखत कोणाला सांगून गेली, असे चौकशीत मला विचारले. मला ठाऊक नाही, असे मी म्हणाले. तिला कामावरून काढले. मला माझी लाज वाटते.

(कलम ३ आज दुपारी खोडले आहे.)

साक्षीला बोलावलेल्या शालूने, आमच्या आयाने, हे वाचले अन् पेन खाली ठेवला. “बाई, तुमच्या मरणाची वाट ते पोरगी काऊन पायीन?”

मी निखतला बोलावून घेतले. तिने उभ्यानेच पाकिटातला कागद वाचला, खालची माझी सही पाहिली. “म्हणजे तुमीच पाठवलं होतं मले,” ती म्हणाली. “तीन वर्षं मले वाटून राहिलं होतं, का मीच खोटं बोलून राहिली.”

माफी मागायला मला तोंड नव्हते. कागद तिच्याकडे आहे. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. ऑपरेशन मंगळवारवर ढकलले आहे. सोमवारी दहा वाजता आम्हा दोघींना हॉस्पिटलच्या ऑफिसात जायचे आहे.

सही: सुभद्रा शालिकराम गावंडे

साक्षीदार:
१. गयासुद्दीन, शेजारी
२. शालू तायडे, आया (कागद दिल्यावर सही केली)

अमरावती, रविवार, १४ ऑक्टोबर २००७