घड्याळ, घड्याळ, घंटी

प्रिय खारूताई,

बाबाचं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगून टाकतो: आई बरी आहे. सकाळी पोटभर जेवली, माझ्यावर दोनदा डोळे वटारले आणि आता भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी तिच्या पलंगाशी जमिनीवर बसून, घड्याळाच्या खोक्याचं झाकण मांडीवर घेऊन लिहितोय. डावा हात पलंगाच्या लोखंडी दांडीवर आहे. ती हलली की दांडी हलते आणि मला कळतं. मध्येच मान वर करून उघड्या दारातून स्वयंपाकघराच्या छताला लावलेल्या धुराच्या अलार्मचा दिवा बघतो. दर ओळीला बघतो म्हणालीस तरी चालेल, त्यामुळे अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. मला भीती वाटते गं. बाहत्तराव्या वर्षी बापाने लेकीला असं लिहावं का, कोण जाणे, पण मंगळवारपासून माझी पाचावर धारण बसली आहे.

बुधवारी फोनवर मी तुला म्हणालो की स्वयंपाकघराला रंग देतोय. ते अर्धंच खरं होतं. भिंत काळी झाली होती म्हणून रंग. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंनाही मी हात जोडून सांगितलं की लेकीला यातलं काही कळवू नका. त्या कबूल झाल्या, पण तेव्हापासून जिन्यात भेटल्या की तोंड फिरवतात.

तुझा जुना कॉम्प्युटर तू फडताळावर बसवलास तो दिवस आठवतो ना? माइकची वायर खिळ्याला गुंडाळून तू मला समजावत होतीस, की तुम्ही बाजारात गेलात आणि आई एकटी असताना काही पेटलं, तर धुराचा अलार्म हा ऐकेल आणि मला नि खालच्या ताईंना निरोप धाडेल. मी वर तोंड करून म्हणालो होतो, की घरातल्या माणसाचे कान काय झोपा काढतात? तू हसलीस. आई नाही हसली. आईच्या उशाशी हाक मारायला ठेवलेल्या घंटीचा आवाजही तू त्याला शिकवलास, पण तिचा निरोप कशाला, बाबा असतातच, म्हणून ती नुसती नोंदीत लिहायला सांगितलीस.

मग पहिल्याच आठवड्यात फजिती. आपलं घर म्हणजे घड्याळांचा दवाखाना. पूर्वी लंबक यायचे, आता येतात ती पिकपिक करणारी प्लॅस्टिकची गजराची घड्याळं आणि स्वयंपाकाचे टायमर. एकेकाचा गजर दिवसातून वीस वेळा वाजवून बघावा लागतो. कॉम्प्युटर बिचारा प्रत्येकाला आग समजायचा. तू तीनदा कामावरची बैठक सोडून धावत बाहेर आलीस. शिवणवाल्या ताई दातांत टाचणी धरून जिना चढून आल्या, एकदा तर कुणाच्या अर्ध्या सदऱ्यासकट. शेवटी तूच उपाय सांगितलास, की तो त्याने टिपलेले आवाज एकेक करून वाजवून दाखवेल आणि विचारेल, हा अलार्म की घड्याळ? ऐकून मगच बटण दाबा हं, बाबा. मी रविवारी बसलो आणि दीडशे आवाजांचा निकाल लावला. त्यानंतर एकदाही खोटा निरोप आला नाही. तू माझी पाठ थोपटलीस, मी मिश्यांत हसलो.

आता मंगळवार. दुपारी पाऊणच्या सुमाराला मी दूध तापत ठेवलं आणि पाच मिनिटं म्हणून माझ्या खोलीत कामाच्या बाकावर येऊन बसलो. एका शाळेचं मोठं भिंतीवरचं घड्याळ उघडून ठेवलं होतं. चक्रं पेट्रोलने धुवायची, म्हणून वास आत जाऊ नये यासाठी दार लावून घेतलं. तुला माहीत आहे, मी दर पाव तासाने उठून आईकडे जातो, चुकत नाही. त्या दिवशी चुकलो. एक चक्र बसेना, त्याच्या नादात एक फेरी राहिली, तिच्यामागे आणखी एक गेली. नाकात पेट्रोल आणि डोळ्याला भिंग. मग एकदम बाक हादरला. बाकावरचे स्क्रू थरथरत होते. कुणीतरी बाहेरचं दार मुठींनी बडवत होतं.

माझ्या खोलीचं दार उघडलं तर समोर काही दिसेना. माझ्या घरात मला वाट सापडेना, खारूताई. चाचपडत कडी काढली. ताईंनी खिडकीतून धूर बघितला होता. त्यांनी मला बाजूला ढकललं आणि त्या किंचाळल्या, अहो, कानात बोळे घातलेत का, किती वेळ ते बोंबलतंय! दूध आटून करपलं होतं, भांड्याचं फडकं पेटलं होतं आणि पडद्याच्या खालच्या काठाने पेट घेतला होता. त्यांनी शेगडी बंद केली, पाण्याची बादली उलटी केली. मी नुसता उभा होतो. मग आईकडे धावलो. पलंग रिकामा.

ती जमिनीवर होती. अर्धं अंग लुळं असलेली बाई पलंगावरून खाली कशी आली, मला अजून कळत नाही. कोपर सोललं होतं, केसांत काजळी होती, डाव्या मुठीत घंटी. आणि बाहेरचं दार तिच्या खोलीला लागून आहे, पण ती त्या बाजूला गेलीच नव्हती. धुरातून सरपटत माझ्या खोलीकडे येत होती.

डॉक्टर येऊन गेले. छातीत धूर फार गेला नाही, कोपराला टाके नकोत, असं म्हणाले. पण तेव्हापासून मला शांततेची भीती वाटते. घर शांत असलं की वाटतं, काहीतरी आत्ता, या क्षणाला, बोंबलत असेल. शेगडीची बटणं हाताने चाचपून येतो, बसतो, पुन्हा उठतो. आंघोळीला जाताना दार उघडं ठेवतो. दूध तापवायचं सोडून दिलं आहे.

परवा हिय्या करून कॉम्प्युटरपुढे बसलो. मनात होतं, याची खोड सापडली तर सगळं त्याच्या माथी मारू. दुपारची नोंद उघडली. एक वाजून सात मिनिटं, घड्याळ. एक आठ, घड्याळ. एक नऊ, घड्याळ. अशा सतरा ओळी. तो ऐकत होता. सगळं नीट ऐकत होता, आणि मी शिकवल्याप्रमाणे प्रत्येक वेळी त्याला घड्याळ म्हणत होता. आणि या सतरा ओळींच्या मध्येमध्ये दुसरा शब्द होता: घंटी. घंटी. घंटी. एकतीस वेळा. शेवटची एक चोवीसला.

तुला आता कळलंच असेल, तू हुशार आहेस. त्या रविवारी कॉम्प्युटरने मला दीडशे आवाज वाजवून दाखवले, त्यातला एकही मला ऐकू आला नाही. आंधळ्यापुढे नाच आणि बहिऱ्यापुढे गाणं म्हणतात ना, तसं. पडद्यावर रेघ हलायची, मी घड्याळ दाबायचो. कॉम्प्युटर बसवताना तू अलार्म चारपाचदा वाजवून तपासला होतास, ते आवाजही त्यांत होते, त्यांनाही मी घड्याळच केलं. माझा बहिरेपणा मी त्या यंत्राला शिकवला. जाड आवाज मला येतात, दार आपटलेलं, गाडीचं इंजिन. बारीक आवाज गेले त्याला दोन वर्षं झाली. घड्याळाचा गजर मी पाठीला बोट लावून तपासतो, बोटाला थरथर कळते. फोनवर तुझं निम्मं बोलणं मी अंदाजाने भरून काढतो. आणि दर पाव तासाची फेरी शिस्त म्हणून नव्हती गं. घंटी ऐकू येत नाही, हे कुणाला कळू नये म्हणून होती. ताकास तूर लागू दिली नाही, याचा मला गर्वही होता.

गर्व कसला! मी नोंदीची मागची पानं उलटली. कॉम्प्युटर बसवल्यापासून आईच्या घंटीच्या नोंदी पहिल्या आठवड्यात आहेत, रोज चारपाच. नंतर मंगळवारपर्यंत आठ महिन्यांत एकही नाही. मी तिच्यापुढे पान धरलं. तिची जीभ अजून जड आहे, पण डाव्या हाताने पाटीवर लिहिते. तिने लिहिलं, वाजवलं असतं तर तुम्हाला ऐकू येत नाही हे पोरीला नोंदीतून कळलं असतं. तहान लागली तरी ती माझ्या फेरीची वाट बघत पडून राहायची, खारूताई. पाव तास, पाव तास मोजत.

मी का लपवलं, तेही सांगतो. गेल्या वर्षी तू म्हणाली होतीस, बाबा, तुम्हाला झेपेनासं झालं की आईला मी माझ्याकडे नेईन, माझ्या खोलीत तिची एक खाट मावेल. दोन मावणार नाहीत हे तू बोलली नव्हतीस, मी ऐकलं होतं. ते बरं ऐकू आलं मला. सेहेचाळीस वर्षांत तिच्याशिवाय मी एकाही छताखाली झोपलेलो नाही. ती गेली तर माझं काय, या एका भीतीपायी मी तिला जाळून मारणार होतो. ती नोंद पुसायला एक बटण पुरलं असतं, आणि माझं बोट त्यावर होतं, हेही तुझ्यापासून लपवत नाही. पुसली नाही. छापून सोबत जोडली आहे. एकतीस घंट्या तू स्वतः मोज, म्हणजे मी उद्या शब्द फिरवला, रडलो, काहीही म्हणालो, तरी तू ऐकणार नाहीस. आईने पाटीवर नाही असं तीनदा लिहिलं, मी तीनदा पुसलं. फोन करू नकोस, फोनवर मी नुसतं हो हो म्हणेन. शनिवारी गाडी घेऊन ये आणि तिला घेऊन जा. तिचे कपडे मी आजच भरून ठेवतो. आणि आलीस की बेल दाबू नकोस, बाळा. दार मुठीने वाजव, जोरात. ते मला कळेल.

तुझाच,
बाबा