मिठाची वाटी

तंजावूर, मंगळवार, २१ जानेवारी १९५८, संध्याकाळ

सकाळी चुलीवर सांबार उकळत होतं आणि मिठाची वाटी रिकामी होती. मीठ घातल्याचं मला काही केल्या आठवेना. नैवेद्याआधी चव घेता येत नाही. चाळीस वर्षं मी हाताच्या अंदाजानेच मीठ घालत आले. मग ही वाटी आली कुठून? रोज समोर असते, पण ती भरतं कोण, हे मी कधी विचारलंच नाही.

आज सुनेला विचारलं. सरोजा भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "मीच ठेवते, एका वेळचं मीठ मोजून, आत्या. गौरीपासून. वाटी रिकामी दिसली की समजायचं, मीठ पडलं."

गौरीपासून. म्हणजे त्या दिवशीचं सांबार, दोनदा मीठ पडलेलं... सगळे छान झालंय म्हणाले आणि मी आग्रहाने पुन्हा वाढलं. सरोजा रागावली असती तर बरं वाटलं असतं.

ती रिकामी वाटी डोळ्यांसमोरून जात नाही. आणखी काय काय काढून ठेवते ती माझ्यासाठी? मोजायची भीती वाटते. वरची तारीखसुद्धा मी कॅलेंडरच्या पानावर बघून लिहिली. ते पान सरोजाने फाडून या वहीत ठेवलं होतं.