अंबूबाईच्या शेणावर चाललेली मोटार

मी, वाहिद इस्माईल तांबोळी, वय ५८, धंदा मोटारदुरुस्ती, राहणार लोणावळा, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवतो. दडपण कोणाचे नाही. असलेच तर बायकोचे. उद्या मी शेणाच्या गॅसवर मोटार कार्ल्यापर्यंत नेणार आहे, आणि टपावर गॅसची पिशवी बांधून निघण्याआधी मृत्युपत्र करा, असे मेहमुदाने बजावले. तीस वर्षे पेट्रोलच्या टाकीशेजारी बसलो तेव्हा ती काही बोलली नाही.

१. घर व पोस्टातली शिल्लक शरियतीप्रमाणे मेहमुदा व मुलगा युनूस यांना जावी.

२. हत्यारेही तशीच. मोठा पाना युनूसने दोन वर्षांपूर्वी नेला, तो परत आणावा. युनूस कोळशाच्या गॅसवर बस चालवतो आणि "अब्बा, मोटार आता रवंथ करणार का?" असे चारचौघांत विचारतो. त्याला मी माफ केलेले नाही.

३. परक्याला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत देता येते. त्यात माझी मोटार, पिशवी व नळ्या औंढ्याच्या अंबूबाईला देतो. युनूसकडे गेली तर तो पिशवी फेकून देईल. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा गोठ्यामागे शेणाच्या गॅससाठी खड्डा खणू द्या म्हणून मी तिच्याकडे गेलो. ती भांडली, "शेण तुमी नेल्यावर भाताच्या राबाला, रोपाच्या वाफ्यांना काय घालू?" गॅस निघाला की शेणात कस उरत नाही, असे मलाही वाटे. तरी गॅस निघून खड्ड्यात उरलेला पातळ काला तिच्या एका वाफ्यात ओतला. त्याच वाफ्याचे रोप सगळ्यांत उंच आले. तेव्हापासून ती स्वतः पाटी भरून खड्ड्यावर येते. परवा मोटार औंढ्याहून तुंगार्लीपर्यंत चढली. मी इतका खूश झालो की घरी येऊन दोनदा जेवलो.

४. अंबूबाई साक्षीला आली होती. हे वाचून दाखवताना अर्जनवीस दत्तोबा म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये. अंबूबाई म्हणाली, "मग माजं नाव खोडा, वाहिदभाऊ. मोटार घिऊन मी कुटं जाऊ? माज्या शेणावर ती चालली, ही साक्ष मला द्यायचीय." कलम ३ खोडले. मोटार आता वारसांची.

युनूस दारात उभा राहून ऐकत होता. त्याने मोठा पाना माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "अब्बा, उद्या पिशवीचा कॉक कोण बघणार? मी येतो."

कलम २ मधली शेवटची तीन वाक्ये रद्द समजावीत.

सही : वाहिद इस्माईल तांबोळी
साक्षीदार : १. अंबूबाई, औंढे, डाव्या हाताचा अंगठा
२. दत्तोबा महिपती, अर्जनवीस
लोणावळा, १२ डिसेंबर १९४३