म्हशाच्या जत्रेतून गेलेली जीप

१७ जानेवारी २००६, टोकावडे

भाओजींची जीप गेली. म्हशाला, भर दुपारी, नंबरातून.

जत्रेमुळे पॅसेंजर नेणाऱ्या सगळ्या जीपगाड्या मुरबाड स्टँड सोडून म्हशालाच नंबरात, म्हणजे रांगेत, लागलेल्या. शहापूरच्या, सरळगावच्या, कुठल्या कुठल्या. आमची मधे कुठेतरी होती. चावी आतच, सगळ्यांची असते तशी. पुढची भरून गेली की मागच्या पुढे सरकवायच्या. ज्याचा हात रिकामा तो सरकवतो, मालक चहाला गेला असला तरी.

मी रस पीत होतो. त्याआधी घोंगड्या बघितल्या, बैल बघितले. एका खिल्लाऱ्याच्या शिंगांना नेलपॉलिश लावलेलं. जीपकडे परत यायला वेळ झाला तो त्याच्यामुळे.

एक माणूस आला. निळा स्वेटर, मफलर. जीपमध्ये बसला, पहिल्याच सेल्फला चालू. त्याला पुढे घ्यायची नव्हती, रांगेतून बाहेर काढायची होती, आणि मागे बैलवाले बसलेले. मी ग्लास ठेवला, मागे गेलो, हात दाखवला. येऊ दे, येऊ दे, डावी मार, बास. सवय. त्यानं काचेतून मान हलवली आणि गेला. मला वाटलं काशीकाकांनी कुणाला तरी डिझेलला पाठवला. काशीकाका आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर, नंबर तेच लावतात.

परत येऊन रस संपवला. भाओजी आले, म्हणाले गाडी कुणी पुढं घेतली रे. रांगेच्या तोंडाला जाऊन बघितलं. मग पंपावर. असेल, येईल, असंच सगळे म्हणत होते.


१८ जानेवारी

मुरबाड पो.स्टे. भाओजींनी तक्रार दिली. झाडाखाली एकटी लावली, लॉक केली, दर्शनाला गेलो, आलो तर नाय. मी शेजारी उभा. माझ्या पायावर त्यांचा पाय. हवालदार पेनचं टोपण चावत ऐकत होता.

बाहेर आल्यावर भाओजी म्हणाले, "चावी आत होती म्हटलं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. तू काय बघितलं नाय. तू जत्रेत फिरत होतास."

फिरत तर होतोच. बरं म्हटलं.

क्लेम मिळाला तर दुसरी गाडी. नाय तर भाओजी परत वीटभट्टीवर. ताईनं एवढंच सांगितलं, भाजी निवडता निवडता.


२१ जानेवारी

इन्शु.वाल्यांना दोन्ही चाव्या लागतात. एक गाडीबरोबर गेली. भाओजींनी घरातल्या चावीवरून कल्याणला दुसरी करून आणली. लखलखीत. ओट्याच्या दगडावर घासत बसले. ताई बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "आना इकडं. माझ्या जुडग्यात लावा. आठवड्यात बारा वर्षांची होईल."

आता ताई चालते तेव्हा कंबरेला जीपची चावी वाजते.


२४ जानेवारी, मुरबाड

स्टँडवर ठराव. कुणीही चावी आत ठेवायची नाय. काशीकाकांनी बोनेटवर हात आपटून सांगितलं.

दुपारी पुढची गाडी निघाली, मागचा ड्रायव्हर जेवायला घरी. चावी खिशात. त्याच्या मागच्या सगळ्या अडकल्या. पॅसेंजर उतरून एसटीत जाऊन बसले. दोघांची गचांडी धरण्यापर्यंत गेलं. तंटा मिटला तेव्हा मी तिथे नव्हतो, टॉकीजबाहेरचे फोटो बघत होतो. पण ऐकलं की मिटला तो चावी परत आत ठेवूनच.


३० जानेवारी, शहापूर

काशीकाकांनी चोरखटका आणायला पाठवलं. लपवून बसवायचा खटका, बंद केला की चावी असूनही गाडी चालू होत नाय. अन्वरभाईंकडे गेलो. गाड्यांचं वायरिंग करतात. मी तिथे कामाला होतो, पावसाळ्यापर्यंत टिकलो. बघून म्हणाले, "आला का फिरस्ता. हातपाय धू, चहा मागव. पैसे तूच दे."

एक नवी कोरी गाडी उघडून ठेवलेली. मालकानं चावी पाण्यात पाडलेली म्हणे. चावीत चिप असते. गाडी ती ओळखते, नाय ओळखली तर इंजिन गप. आपल्या जीपसारखं नाय, जिला वायरी कळणारा कुणीही उठवतो.

मी विचारलं, मग ही चोरीला जातच नसेल.

"जाते की. लॉकच्या मागं लागत नाय आता कोण. चावीच्या मागं लागतात." लग्नात कोट खुंटीला टांगला की त्यातली. पार्किंगवाल्याच्या हातात दिलेली. जुनी, बिनचिपची असली तर धुवायला टाकली तिथं साबणावर छाप. आणि काहीच नाय जमलं तर सरळ टोचन लावून ओढून न्यायची. हायवेला टोचन केलेल्या गाडीला कोण विचारतो? बिचाऱ्याची बिघडली म्हणून लोक उलट रस्ता करून देतात.

मी चहा पीत राहिलो.

गेलेल्या गाडीचं पुढे काय, तर लांब नेऊन चासीचा नंबर घासतात, नाय तर तुकडे करून विकतात. उपाय त्यांनी बोटांवर मोजले: चोरखटका, गिअरला कुलूप, सगळ्या काचांवर नंबर कोरून घ्यायचा म्हणजे काचा बदलायचाच खर्च चोराला नको होतो, गाडी उजेडात लावायची. मग म्हणाले, "आणि चावी खिशात. पण ते तुमच्या स्टँडला सांगून उपयोग नाय."

खटका घेतला. परत जाताना तानशाला उतरलो, पाइपलाइनच्या रस्त्याने चालत राहिलो. कातकरी बायका मोळ्या घेऊन जात होत्या, एकीने विचारलं कुणाकडं आलास. कुणाकडं नाय म्हटलं तर हसली. खटका तिथल्या टपरीवर विसरला. उद्या परत जाऊन आणायचा.


४ फेब्रुवारी, मुरबाड

काशीकाकांच्या जीपला खटका बसला. ते मुतायला गेले आणि नंबर सरकला. गाडी चालू होईना. दोघा-तिघांनी चावी फिरवून बघितली. शेवटी पॅसेंजर उतरले आणि ढकलायला लागले. कोंबड्या घेतलेली एक म्हातारी मागून म्हणाली, "भाडा पन आमीच द्याचा नि गाडी पन आमीच ढकलाची का रं?"

काका धावत आले, अर्ध्या वाटेतून ओरडत, "सीटखाली, डावीकडं! हात घाल!"

आता चोरखटका कुठे आहे ते अख्ख्या स्टँडला माहीत आहे. पोळीभाजीवालीलाही.


८ फेब्रुवारी

हवालदार स्टँडवर आला. म्हशाच्या रसवाल्याने त्याला सांगितलंय की एक पोरगा गाडीला हात दाखवत होता. निळी जीप रांगेतून निघताना. हवालदार सगळ्यांना सांगत होता, माझ्याकडे न बघता. तो पोरगा चोराचाच असेल. नसेल तर त्याने चेहरा बघितलाय. दोन्हीकडून कामाचा आहे.

भाओजी समोरच होते. तंबाखू मळत राहिले, मळून झाली तरी.

घरी ताईने विचारलं, तूच ना तो. हो म्हटलं. तिने एवढंच विचारलं, "चेहरा आठवतो?" आठवतो. ती चुलीकडे वळली.

म्हणजे असं आहे. मी बोललो तर जीप सापडेल, कदाचित. पण मग ती रांगेत होती, उघडी होती, झाडाखाली लॉक नव्हती. क्लेम गेला. मी गप्प राहिलो तर क्लेम, कदाचित. जीप नाय. दोन्हीकडे कदाचित.


१५ फेब्रुवारी, मुरबाड

इन्शु.चे साहेब आले. चष्मा, पांढरे बूट, धुळीने आधीच पिवळे. ताईच्या जुडग्यातली चावी त्यांनी उजेडात धरली, अंगठ्याने घासली.

स्टँडवर सगळ्यांना पढवून ठेवलेलं. इथे कुणी चावी ठेवत नाय, ज्याची गाडी त्यानेच हलवायची. काशीकाका पुढे होऊन बोलत होते, नेहमीपेक्षा जास्त शुद्ध. "आमच्या इथं साहेब, शिस्त आहे. मालकाशिवाय कोणी गाडीला हात लावीत नाही."

तेवढ्यात पुढची भरून निघाली. मधे जागा झाली. काका बोलता बोलता शेजारच्या जीपमध्ये चढले, चालू केली, पुढे लावली, उतरले आणि वाक्य तिथूनच पुढे सुरू केलं. त्यांना कळलंच नाय. ती गाडी दुसऱ्याची, मालक समोर पानटपरीवर उभा.

कुणी हसलं नाय. साहेबांनी चष्मा पुसला. मला विचारलं, "ही यांची गाडी?"

मी म्हटलं, मी इथला नाय, टोकावड्याचा.

जाताना साहेब भाओजींना म्हणाले, मी अजून काही लिहिलेलं नाही. पोलिसांचे कागद काय म्हणतात ते बघू.

काका संध्याकाळी भाओजींच्या जवळ जाऊन बसले. भाओजी म्हणाले, "जाऊ दे काका. मी पन तेच केलं असतं."


२२ फेब्रुवारी, कसारा

चार कपडे घेऊन निघून आलो. ताईला सांगितलं काम बघतो. ढाब्यावर तवे घासतोय. बरं आहे. घाटातून उतरलेले ट्रकवाले येतात, ब्रेकचा वास घेऊन. एका सरदारजीने शिकवलं, झोपताना स्टिअरिंगला साखळी आणि स्वतःच्या पायाला दोरी. गाडी हलली की पाय हलतो. दोनदा जाग आलेली, दोन्ही वेळा कुत्रा.

आज एक रुपयाच्या डब्यावरून टोकावड्याला फोन केला, वाण्याकडे. त्याने ताईला बोलावलं. नगरच्या बाजूला काही माणसं धरलीत, जत्रांमधून गाड्या उचलणारी. म्हशाची अजून कबूल केली नाय. हवालदार घरी येऊन गेला. ओळखणारा कुणी भेटला तर त्यातला म्हशाला आलेला माणूस तोंड उघडेल, गाड्या कुठे उतरवतात ते सांगेल. नाय तर जामिनावर सुटेल.

विचारलं, भाओजी काय म्हणतात. ताई म्हणाली, "काय नाय म्हनत. सकाळी उठून स्टँडवर जातात. गाडी नसताना. नंबरात उभे राहतात, दुसऱ्यांच्या गाड्या पुढं सरकवून देतात."

फोन कट झाला. दुसरा रुपया नव्हता असं नाय.


२४ फेब्रुवारी

मुरबाडला उतरलो आणि पो.स्टे.ला गेलो. का ते लिहिता येत नाय नीट. एसटी तिथेच थांबली आणि मी झोपलो नव्हतो.

हवालदाराला म्हटलं, रसवाला सांगतो तो मी. तो म्हणाला, माहीत आहे, कधी येतोस ते बघत होतो. चेहरा बघितला? बघितला. गाडी कुठे होती? मी पेनच्या चावलेल्या टोपणाकडे बघितलं. तो म्हणाला, ते पुढं कोर्टात विचारतील. आधी माणूस ओळख.

घरी सांगितलं. भाओजी ताटावरून उठले नाहीत, जेवले. हात धुवून बाहेर गेले.


१ मार्च

भाओजी बोलत नाहीत. रागाने नाय. बाजूला सरकून वाट देतात, पाहुण्याला देतात तशी. ताई आम्हा दोघांकडे एकमेकांसाठी निरोप देते. त्याला सांगा पाणी तापलंय. त्यांना सांग बंब विझलाय.

काशीकाकांनी रस्त्यात धरलं. म्हणाले, "तुझं काय, तू उद्या कुठंबी जाशील. ती दोघं इथंच राहनार. एवढा ध्यानात ठेव, मग काय ते कर." शिव्या देतील असं वाटलेलं. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.


४ मार्च, कल्याण

जेलच्या बाहेर बाक. ओळख परेड आहे. नायब तहसीलदार अजून यायचेत. दुपारी इन्शु.च्या ऑफिसात पण बोलावलंय, साहेबांनी, मला आणि भाओजींना. इथनं निघालं की तिथं.

भाओजी बरोबर आलेत. मी म्हटलं नव्हतं. सकाळी एसटीत आधीच बसलेले होते, शेजारची जागा रुमाल टाकून धरलेली. पूर्ण रस्ता खिडकीतून बघत होते. समोरून जीप आली की मान वळायची.

ताईने भाकरी आणि सुकट दिलीय. विचारलं तिला, काय करू. म्हणाली मला नको विचारू, मी दोन्ही बाजूंनी विचार करून दमले.

एक मांजर बाकाखाली सुकटीचा वास घेत फिरतंय. त्याला एक तुकडा टाकला.

इतक्या दिवसांत भाओजींनी एकदाही विचारलं नव्हतं मी काय बघितलं. आत्ता विचारलं, समोर भिंतीकडे बघत.

"मागं घेताना कुठं घासली नाय ना त्यानं?"

नाय म्हटलं. मी होतो मागे.

"चालवायला कसा?"

"हात चांगला होता. क्लच सावकाश सोडला."

मान हलवली. मग म्हणाले, "दुसऱ्या गिअरला जरा अडते ती. जोर नाय करायचा, सोडून परत टाकायचा. त्याला कोन सांगनार."

दार उघडलं. शिपाई नाव पुकारतोय. वही पिशवीत टाकतो. भाओजी पण उठून उभे राहिलेत. त्यांना आत सोडणार नाहीत, तरी.