वारा पडल्यानंतर

६ जुलै १९९४

आणि दुसरी पेटी जिन्याच्या वळणावर अडकली. खालून विजयाताईंनी ढकलली, वरून मी ओढली. दोघी हसत सुटलो. त्या घरमालकीण, निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. पेटीत काय आहे, म्हणाल्या. अरबी समुद्रावरच्या वाऱ्याच्या नोंदी, मी म्हटलं. "समुद्र सोडून उज्जैनला? अगं, इथे शिप्रेत घोटे पण बुडत नाहीत!"

फ्रीगंजमधली ही खोली हवेशीर आहे. परसात जुनी विहीर, वर लोखंडी जाळी. उद्यापासून कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचं. समुद्र इथून दिवसभराच्या प्रवासावर. म्हणूनच आले.

८ जुलै

वर्गात सांगितलं: मोसमी वारा समुद्राचा वरचा थर ढकलतो. वारा पडला तरी पाण्याला दिलेली ऊर्जा तो परत नेत नाही. पाणी उजवीकडे वळत वर्तुळं काढत राहतं.

मला हे गेल्या जुलैतही माहीत होतं. माझा सहकारी आल्हाद, त्याने जहाजावरून वायरलेसवर विचारलं होतं, पाण्यातलं यंत्र दुरुस्त करायला छोट्या होडीतून निघू का? मी किनाऱ्यावर होते. फक्त वाऱ्याचा तक्ता पाहिला. वारा पडलाय, निघ, म्हटलं. होडी सापडली नाही.

त्या दिवशीच्या प्रवाहाच्या नोंदी गोव्याहून मागवल्या आहेत. पाणी शांत असेल तर चूक माझी नाही.

९ जुलै, संध्याकाळी सहा

विहिरीत पिंपळाचं पान तरंगतंय. फार हळू सरकतंय, उजवीकडे वळत. पाणी काठापासून चौदा विटा खाली. सवयीने वेळ लिहून ठेवली.

११ जुलै, दुपारी तीन

पान फेरी पुरी करून त्याच विटेसमोर आलं. पंचेचाळीस तास. इथे समुद्र असता तर साडेतीस लागले असते. किती तास ते जागेच्या अक्षांशावर ठरतं. पंचेचाळीस आल्हादची होडी होती त्या जागेचे.

पाणी अकरा विटा खाली. पाऊस नाही. विजयाताईंना दाखवलं. पान दिसलं त्यांना. पाणी नेहमीसारखं तळाशीच आहे, म्हणाल्या. एकटी जेवत जाऊ नको, खाली ये, म्हणाल्या. गेले नाही.

१३ जुलै, दुपारी बारा

सकाळी टावर चौकातल्या एसटीडी बूथवर फॅक्स आला. त्या दिवशी वारा शून्य. पाणी सेकंदाला मीटरभर.

ही नोंद मागितली असती तर तेव्हाही मिळाली असती.

पान परत आलं. आठ विटा.

१५ जुलै, सकाळी नऊ

पाच विटा. जाळी सरकवली, बादली सोडली. पाणी खारट.

खालून आवाज. वायरलेससारखा, खरखरीत. निघू का?

थांब, म्हटलं. थांब. थांब —

कोणाशी बोलतेस, विजयाताईंनी विचारलं.

१६ जुलै, संध्याकाळ

दिवसभर सोसाट्याचा वारा. आता पडला. झाडाचं पान हलत नाही. पाणी फिरतंय. दोन विटा — एक —

तो आता विचारत नाही. सांगतोय. माझेच शब्द. वारा पडलाय, नि—

(खाली विजयाताईंच्या अक्षरात)

१७ जुलै. सकाळी चहासाठी बोलवायला वर गेले. दार उघडं, दिवा चालू, ती नाही. विहिरीची जाळी बाजूला, काठावर चपला. पाणी नेहमीइतकंच, तळाशी. दोन माणसं उतरवली. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत होतं. काही मिळालं नाही. काठाच्या विटांवर मीठ होतं, ते पुसून घेतलं.