बुरुजातला दिव्याचा कोनाडा

चि. विनीत आणि चि. सीमा यांस,

विनीत, तुझी कंबर कशी आहे? सूनबाईचा खोकला गेला का? सीमा, गुडघा काय म्हणतो? जावईबापूंची साखर? शेजारचा वॉल्टर ठणठणीत आहे, माझ्याजवळ बसून चष्मा पुसतोय.

मी, लवू कुशाबा परब, वय ८१, जन्मभराचा गवंडी, राहणार गिरगाव, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो की:

१. पोस्टातली पुंजी सीमाची. विनीतने कुरकुरू नये. माझ्या आजारपणात रजा तिने काढल्या.

२. पागडीच्या खोलीचा हक्क विनीतचा. थापी आणि ओळंबाही त्याचाच. तू कॉम्प्युटरवाला, ठाऊक आहे. ओळंबा निदान खिळ्याला टांग.

३. वॉल्टरला काही नाही. तो साक्षीदार आहे, शिवाय माझा कॅरमचा स्ट्रायकर एकाहत्तर सालापासून त्याच्याकडेच आहे.

४. वाडीच्या तोंडावरचा बुरूज माझा नाही, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. बेचाळीस साली, समुद्रातून शत्रू उतरलाच तर आतून बंदुका चालवायला, सरकारने ही काँक्रीटची खोली बांधली. बांधणाऱ्यांत माझे वडील होते. हातभर जाड भिंत, बंदुकीपुरती फट. आणि आत वडिलांनी सवयीने दिव्याचा कोनाडा ठेवला, दर घरात ठेवायचे तसा. गोरा साहेब ओरडला. वडील म्हणाले, "सायबा, आत माणसा ऱ्हवतली. दिवो खंय ठेवतलस?" दुभाष्याने सांगितल्यावर साहेबाने कोनाड्यात हात घालून पाहिला आणि तो पुढच्या भिंतीकडे वळला. कोनाडा राहिला.

शत्रू आला नाही, एक गोळी सुटली नाही. लढाई संपल्यापासून आमच्या घरचा दिवा मात्र तिथे रोज लागतो. मी एकदा फळी ठोकायला गेलो, तीन छिन्न्या बोथट झाल्या. जन्मभर भिंती बांधल्या, अशी एकही जमली नाही. अजूनही आत वाकलो की माझा आवाज आपोआप खाली येतो.

५. आमच्या चाळीच्या जागी बिल्डरची नवी इमारत व्हायची तर बुरूज जाणार. बावीस घरांनी संमती दिली, अडलंय माझ्या सहीवर. वरच्या मालनवहिनींच्या खोलीचे वासे खाली आलेत, ते मला दिसतं. म्हणून सही केली. संमतीचा कागद त्या कोनाड्यात, पणतीखाली आहे. विनीत, तो तूच काढायचास. लहानपणी अंधाराला भिऊन तू कधी आत आला नाहीस. आता ये, दिवा लाव, भिंतीला तळहात टेक. मग कागद बिल्डरला दे, नाहीतर बुरूज ठेवून नकाशा काढा म्हणून सांग. तू ठरवशील ते मला मान्य.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मी आधीच धाडतोय, कारण तुला आत काय वाटलं ते मला ऐकायचं आहे. लवकर येऊन जा आणि कधी येतोस ते लगेच लिही.

लवू कुशाबा परब (सही)

साक्षीदार:
१. वॉल्टर डिमेलो (सही). स्ट्रायकर माझाच आहे.
२. मालन रमाकांत सावंत (सही)

गिरगाव, ९ जानेवारी २०२५