दोनशे बारा नियम आणि एक अंगठा

सोमवार, ३ मार्च

मी बोलते, फोन लिहितो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही — म्हणून तर आमचं पटतं!

नात सकाळपासून संगणकाला चिकटलीय. दवाखान्याच्या जुन्या जन्मनोंदी — आई, बाळ, सुईण, तारीख, नुसते रकानेच रकाने. त्यावर हिच्या मॅपिंगच्या फायली. कुठल्या रकान्याचं कुठल्याशी काय नातं, ते त्या सांगतात. मग मशीन सगळं गणगोत जाळ्यासारखं मांडून दाखवतं. हे सगळं ज्यावर चालतं तो जुना प्लॅटफॉर्म बंद होणार, म्हणून फायली नव्यावर न्यायच्या.

"आणि नोंदी?"

"त्या जागच्या जागी, आजी. फक्त फायली हलणार."

म्हणजे वऱ्हाड घरीच, मध्यस्थ तेवढा गाडीत!

शुक्रवारी दोन्हीकडे तेच प्रश्न विचारणार. उत्तरं जुळली तर नात नोकरीत कायम. तिचे साहेब म्हणाले, "केसाचाही फरक नको." मी त्यांना स्क्रीनवर पाहिलंय. त्या डोक्याकडे बघता मागणी फार मोठी नाही. स्वतः याच दवाखान्यात जन्मलेले — दर बैठकीत सांगतात.

मंगळवार, ४ मार्च

दोनशे बारा नियम. जुन्याची भाषा नव्याला कळत नाही, एकेक नव्याने मांडायचा. चहा तीनदा गार झाला. चौथा मीच प्यायले.

बुधवार, ५ मार्च

जुळलं! शुक्रवारच्या आधी आजच ताडून पाहिलं, सगळं जुळलं! नातीने मला खुर्चीसकट गरगर फिरवलं.

मी म्हटलं, विचार की तुझ्या मशीनला, बाळंतपणं केली कोणी? तीस वर्षं मी त्या दवाखान्यात सुईण होते. मशीनने दोनच नावं दिली. एक थोरल्या बाई. दुसरी ती, जिला रक्त बघून घेरी यायची! मी कुठेच नाही.

नातीने फाईल उकरली. सापडलं — सुईणीच्या रकान्यात 'अंगठा' असेल, तर जागा मोकळी दाखवायची. कुणा शहाण्याने ठरवलेलं, अंगठा हे काही नाव नव्हे! आणि हिने तो नियम इमानेइतबारे नव्यावर नेला. चूकसुद्धा जपून, सांडू न देता.

त्या दोघी सह्या करायच्या आणि मिरवायच्या. अंगठेवाली मी एकटीच.

गुरुवार, ६ मार्च

नात म्हणते, दुरुस्त करते. मी म्हटलं, खबरदार! उत्तरं जुळायला हवीत. माझी पोरं जन्मली, वाढली, बापे झाली. मशीनला कळलं नाही म्हणून काय परत पोटात जाणारेत?

"आजी, तू फोनशी बोल जा."

आले मग. खरं सांगू, फक्त तुला? ती दोन नावं ऐकली आणि रात्रभर एकेक पोर आठवत बसले.

शुक्रवार, ७ मार्च

आगाऊ कार्टी! केलीच दुरुस्ती — 'अंगठा' दिसला की माझं नाव. तीन हजार एकशे सात ठिकाणी फरक. साहेब स्क्रीनवर लालबुंद — "मी काय सांगितलं होतं?"

ही शांत. "सर, तुमचीच नोंद बघा ना."

जुन्यावर — आई आहे, बाळ आहे, सुईण मोकळी. नव्यावर — सुईण, आणि पुढे माझं नाव. नातीने वाचून दाखवलं.

साहेबांनी नोंद पुन्हा वाचली. मग, "सोमवारी बघू." स्क्रीन बंद.

रविवार, ९ मार्च

नोकरी टांगणीला, आणि ही गुणगुणतेय! माझ्यावरच गेलीय.

सोमवार, १० मार्च

साहेब स्वतः दारात! हातात नव्या प्लॅटफॉर्मच्या मंजुरीचा कागद. त्याखाली दुसरा — नात कायम झाल्याचा. मंजुरीवर म्हणे जुन्या नोंदींच्या जाणकाराची सही लागते.

"मला लिहिता येत नाही, साहेब."

खिशातून शाईचा पॅड काढला. "माहितीय, आजी." आणि पायाशी वाकले. डोकं अगदी समोर आलं.

ओळखलं मी! जन्मले तेव्हाही एक केस नव्हता.